बेंचवर बसलोय, राजीनामा टाकू का?

प्रश्न : ताई, मी सांगलीचा, पुण्यात कन्सल्टिंगमध्ये तिसरं वर्ष. प्रोजेक्ट संपून दीड महिना झाला, बेंचवर आहे, म्हणजे पगार चालू पण हातात काम नाही. काल एचआरचा फोन, स्वतःहून राजीनामा टाक म्हणजे रेकॉर्ड खराब होणार नाही. बाबा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर, त्यांना बेंच म्हणजे काय तेच कळत नाही, म्हणतात पगार येतोय नव्हं?

उत्तर : अरे बाळा, फोनवर हो म्हणू नकोस आणि त्याच दिवशी तर मुळीच मेल टाकू नकोस. कन्सल्टिंगमध्ये कंपनी तुझे तास क्लायंटला विकते, तास विकले गेले नाहीत की तुझा पगार तिला नुसता खर्च वाटतो, यात तुझी लायकी कुठं आली? बाबांना असं सांग, माल चांगलाय पण सौद्यात गिऱ्हाईकच नाही, त्यांना लगेच कळेल. एचआरला म्हण जे काय ते मेलवर द्या, नोटीस पिरियडचा पगार, रिलीव्हिंग लेटर म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र, सगळं लेखी. ऑफर लेटरमधली नोटीसची अट आज रात्रीच वाच. ग्रॅच्युइटीला साधारण 5 वर्षं लागतात, ती धरू नकोस, पीएफ मात्र तुझाच. आणि कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो, आईबाबा त्यात असतील तर त्यांची वेगळी पॉलिसी आधी बघ.