रोज तीन पोस्ट टाकूनही लोक दुरावत आहेत. मार्केटिंगबद्दल निसर्गाकडून खरंच काही शिकता येतं का?

तुम्ही लिहिलंय की छोट्या व्यवसायाचं सोशल मीडिया एकट्याने सांभाळता, रोज तीन पोस्ट टाकता, तरी रीच, म्हणजे पोस्ट किती लोकांपर्यंत पोचते तो आकडा, घसरतोय. शिवाय कामाच्या निमित्ताने हातात घेतलेला फोन तास-दोन तास खाली ठेवला जात नाही. ‘निसर्गाकडून शिका’ हा सल्ला एका कार्यशाळेत ऐकलात आणि तो पोकळ वाटला. मी बरीच वर्षं हेच काम करते आणि सुटीच्या दिवशी कॅमेरा घेऊन फुलांवरचे कीटक बघत बसते, म्हणून उत्तर लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

मुंगीसारखे कष्ट करा, गरुडासारखी नजर ठेवा, अशा सल्ल्यांचा मलाही कधी उपयोग झालेला नाही. पण फूल आणि कीटक यांचं नातं अक्षरशः जाहिरातीचं आहे. रंग आणि वास ही जाहिरात, मकरंद हा माल, आणि मधमाशी किंवा फुलपाखरू हे गिऱ्हाईक. हे गिऱ्हाईक अनुभवाने शिकतं. एकदा फसलं की लक्षात ठेवतं. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

घाणेरीचं झुडूप तुम्ही पाहिलं असेल, काही जण तिला टणटणी म्हणतात. तिच्या एकाच गुच्छात मधली फुलं पिवळी आणि कडेची केशरी किंवा गुलाबी दिसतात. तो खरं तर वयाचा फरक आहे. फूल उमलतं तेव्हा पिवळं असतं आणि त्यात मकरंद असतो. पुढे रंग बदलतो, आणि त्या जुन्या फुलात फुलपाखराला मिळण्यासारखं फारसं काही उरत नाही. ब्राझीलमध्ये राहणाऱ्या फ्रिट्झ म्युलर या जर्मन अभ्यासकाने १८७७ मध्ये याबद्दल लिहिलं होतं. त्याचा तर्क मला आजही थक्क करतो. जुनी फुलं लगेच गळून पडली असती तर गुच्छ लांबून उठून दिसला नसता, आणि ती पिवळीच राहिली असती तर फुलपाखरांचा वेळ रिकाम्या फुलांवर वाया गेला असता. म्हणून झाड दोन्ही करतं. लांबून लक्ष वेधायला सगळा गुच्छ, आणि जवळ आलेल्याला स्पष्ट खूण, की इथे आहे आणि इथे संपलंय.

आपण सगळे यातलं पहिलं काम करतो आणि दुसरं विसरतो. मुदत संपलेल्या सवलतीची पोस्ट तशीच वर पिन केलेली असते. लिंक उघडली की वस्तू शिल्लक नसते. व्हिडिओच्या सुरुवातीला जे दाखवू म्हटलं ते शेवटपर्यंत येत नाही. रिकाम्या फुलावर येऊन गेलेला माणूस सहसा तक्रार करत नाही, तो पुढच्या वेळी तुमच्या पोस्टवर थांबत नाही एवढंच. कुणाला कोणती पोस्ट दाखवायची हे ठरवणारा अल्गोरिदमही बऱ्याच अंशी हे थांबणं-न थांबणंच बघतो. तेव्हा रीच घसरला म्हणून अल्गोरिदमवर चिडण्याआधी मागच्या महिन्याच्या पोस्ट उघडून बघा आणि स्वतःला विचारा, इथवर आलेल्या माणसाच्या हाती काय लागलं?

आता रोजच्या तीन पोस्ट. मधमाश्यांच्या नाचाची भाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ मध्ये नोबेल मिळालं. पोळ्यावर माशी थरथरत जेवढा वेळ सरळ चालते त्यावरून अंतर कळतं, आणि त्या चालीचा उभ्या रेषेशी होणारा कोन सूर्याच्या संदर्भात दिशा सांगतो. एवढं बहुतेकांनी ऐकलेलं असतं. मला मात्र दोन वेगळ्या गोष्टी मोलाच्या वाटतात. एक म्हणजे माशी प्रत्येक फेरीनंतर नाचत नाही. साठा खरोखर चांगला असेल तरच नाचते, एरवी आणलेला मकरंद सोपवून गुपचूप परत जाते. दुसरी म्हणजे नाचताना मधेच थांबून ती बघणाऱ्या माश्यांना आपण आणलेल्या मकरंदाचा थेंब चाखायला देते. अंगाला त्या फुलांचा वास असतोच. नवं घर शोधणाऱ्या थव्यात तर आणखी एक सुंदर गोष्ट दिसते. मधमाश्यांचे अभ्यासक थॉमस सीली यांनी दाखवलंय की टेहळणी करणारी माशी जागा कितीही आवडली तरी दर फेरीला कमी कमी नाचते आणि शेवटी थांबते. जागा चांगली असेल तर तोवर दुसऱ्या माश्या ती स्वतः पाहून येतात आणि नाच पुढे चालू ठेवतात. एकीनेच तेच ते सांगत राहावं लागत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की आठवड्याला दोन-तीन पोस्ट पुरे, पण प्रत्येकीत चाखायला काहीतरी असू द्या. तुमच्या कामातली एखादी युक्ती, एखाद्या नेहमीच्या शंकेचं पूर्ण उत्तर, किंवा वस्तू कशी बनते ते नीट दिसेल असा व्हिडिओ. ‘पूर्ण माहितीसाठी मेसेज करा’ असं लिहून थेंब राखून ठेवू नका.

हे मी चूक करून शिकले. एका व्यवसायासाठी मी ईमेल लिहायचे. ‘शेवटचे काही तास’ असा विषय टाकला की विक्री चांगली व्हायची, म्हणून ते शेवटचे तास दर आठवड्याला येऊ लागले. हळूहळू लोक ईमेल उघडेनासे झाले. मग मी विषय बदलला आणि तुमच्या ऑर्डरबद्दल काही महत्त्वाचं आहे असं भासवलं. पुन्हा ईमेल उघडले जाऊ लागले. एक दिवस एका बाईंचं उत्तर आलं. कुणासाठी तरी मागवलेली वस्तू अडकली असं समजून त्या घाबरल्या होत्या आणि भर कामात सगळं सोडून त्यांनी तो ईमेल उघडला होता. आत फक्त जाहिरात होती. ते वाचून मला मनापासून लाज वाटली. त्यांना माफीचं पत्र लिहिलं आणि तसले विषय कायमचे बंद केले.

पुढे आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटातल्या कोतवाल पक्ष्यावर टॉम फ्लॉवर यांनी केलेला अभ्यास वाचला, तेव्हा मला त्यात माझंच काम दिसलं. हा कोतवाल मीरकॅटसारख्या (मुंगुसाच्या कुळातल्या, बिळात राहणाऱ्या) प्राण्यांच्या आसपास राहतो आणि शिकारी दिसला की ओरडून इशारा देतो. हा इशारा बहुतेक वेळा खरा असतो. पण एखाद्याने भक्ष्य उकरून काढलं की कोतवाल खोटाच इशारा देतो, तो प्राणी बिळाकडे पळतो आणि कोतवाल भक्ष्य उचलतो. त्याच्या दिवसाच्या अन्नाचा जवळपास चौथा हिस्सा असा चोरीचा असतो. ‘लांडगा आला रे आला’ म्हणणाऱ्या पोराची हाक एकच होती, म्हणून ती फुकट गेली. कोतवाल हाक बदलतो. एका आवाजाला दाद मिळेनाशी झाली की दुसऱ्याच प्राण्याच्या इशाऱ्याची नक्कल करतो. आजच्या नोटिफिकेशन हुबेहूब अशाच असतात. लोक हे सहन करतात कारण अधूनमधून एखादी खरी असते आणि ती चुकवणं परवडत नाही. तुमच्या व्यवसायाकडे असा जिवावरचा खरा इशारा नाही. तुम्ही फसवलंत तर लोक तुम्हाला निर्धास्तपणे म्यूट करू शकतात.

मग खोटी फुलं जगतातच कशी, हा प्रश्न कुणीही विचारेल. ऑर्किडच्या सुमारे एक तृतीयांश जाती कीटकाला काहीच देत नाहीत, काही तर मादी कीटकाचं सोंग घेऊन नराला फसवतात. त्यांना फळं खूप कमी धरतात. पण ऑर्किडच्या एका फळात हजारो, कधी लाखो बारीक बिया असतात, त्यामुळे क्वचित एखादा फसला तरी झाडाचं भागतं. लाखो लोकांना खोटे मेसेज पाठवणाऱ्या टोळ्यांचं गणित हेच आहे. तुमच्याकडे मोजके ग्राहक आहेत आणि तेच पुन्हा पुन्हा यायला हवेत, तेव्हा हे गणित तुम्हाला लागूच पडत नाही.

आता तुमच्या स्वतःच्या फोनबद्दल. इथे तुम्ही स्वतःला दोष देताय, म्हणून ही गोष्ट सांगते. १९८३ मध्ये डॅरिल ग्विन आणि डेव्हिड रेंट्झ या कीटक-अभ्यासकांनी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका भुंग्याबद्दल लिहिलं. त्याचे नर रस्त्याकडेला पडलेल्या तपकिरी बिअरच्या बाटल्यांशी मीलन करायचा प्रयत्न करत होते. बाटलीचा रंग, चकाकी आणि तळाजवळचे बारीक उंचवटे मादीच्या पाठीसारखे होते, आणि बाटली मादीपेक्षा कितीतरी मोठी. नर उन्हात तिथून हलत नसत, मुंग्या कुरतडत असल्या तरी. भुंगा दुबळ्या मनाचा होता असं आपण म्हणणार नाही. त्याच्या निवडीचा नियम लाखो वर्षं बरोबर होता, त्यात बाटली नव्हती. माणसांचे चेहरे, कौतुक, भांडणं, नवी बातमी यांकडे ओढलं जाणं हा आपलाही असाच जुना, उपयोगी नियम आहे.

शिवाय थांबायची खूणच काढून घेतली गेली आहे. चरणारा कुठलाही जीव एका जागी मिळकत कमी झाली की पुढे सरकतो. किती कमी झाली की निघणं फायद्याचं, याचं गणित जीवशास्त्रज्ञ एरिक चार्नोव यांनी १९७६ मध्ये मांडलं. पूर्वी वेबवरही पान संपायचं आणि पुढचं उघडायचं की नाही हे ठरवावं लागायचं. ॲझा रॅस्किन या डिझायनरने २००६ मध्ये न संपणारं स्क्रोल, म्हणजे खाली सरकवत राहिलं की नवं नवं येतच राहील असं पान, तयार केलं (त्याबद्दल त्यांनी पुढे जाहीर खंतही व्यक्त केली), आणि आता ते जवळपास सगळीकडे आहे. कुरण संपत नाही, म्हणून पाय निघत नाही.

यावर निर्धाराने काही होत नाही, मी खूप प्रयत्न केले. मी कुरणालाच कुंपण घातलं. पोस्ट संगणकावरूनच, आठवड्याच्या एकदम शेड्यूल करते. फोनवरून ती ॲप्स काढून टाकली आहेत. कॉमेंट आणि मेसेजना दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी उत्तर देते, आणि तेव्हा फीड न उघडता थेट इनबॉक्स उघडते.

पोस्ट कमी केल्यावर पहिले काही आठवडे रीच आणखी खाली जाईल, माझाही गेला होता. तेवढ्या काळात नवीन काही न करता जुन्या पोस्ट साफ करा. संपलेल्या सवलती काढा, मेलेल्या लिंक दुरुस्त करा, जे आता मिळत नाही तिथे ‘संपलं’ असं मोठ्या अक्षरांत लिहा. सुरुवात आज वर पिन केलेल्या पोस्टपासून करा.