18 नंतर मुलगा घरीच बसलाय, आता पुढे काय?

ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. मुलगा 19 चा, ऑटिझम, स्पेशल स्कूल सुटली, दिवसभर घरात येरझाऱ्या, मध्येच स्वतःला चापट्या मारतो, आणि मिस्टर म्हणतात सरकारकडे मागून काय होणार. माझा 31 चा आहे, तुम्ही फोंड्याच्या, आम्ही गोव्यातलेच, म्हापशाकडचे. उत्तर लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी त्या चापट्या. हे नवीनच सुरू झालं असेल तर लगेच 'शाळा सुटली म्हणून' असं धरू नका. ज्याला सांगता येत नाही त्याचा दात दुखतो, कान दुखतो, चार दिवस पोट साफ नसतं आणि आपण त्याला बिहेवियर म्हणतो. बांबोळीला डेंटल कॉलेज, जीएमसी म्हणजे मोठं सरकारी हॉस्पिटल, आयपीएचबी म्हणजे मानसोपचाराचं हॉस्पिटल, सगळं जवळजवळ आहे, एकदा नीट तपासून घ्या. आपल्या मुलांत फिट्स कधीकधी वयात येतानाच पहिल्यांदा दिसतात, तेव्हा मध्येच एकटक बघत राहतो वगैरे असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

आणि दिवसाला आकार हवा. शाळेची बेल गेली की ह्यांना वेळच कळत नाही हो. आमच्याकडे सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा हॉर्न वाजला की हा पिशवी घेऊन गेटवर, पाव मोजून घेतो, मग झाडांना पाणी, मग बाबांबरोबर बाजार, सगळं फोटो लावून भिंतीवर. मोठं काही नाही. कदंबा बसचा एकच ठरलेला रूट शिकवला, आधी बरोबर बसून, मग मागच्या सीटवरून लक्ष ठेवून, आता कंडक्टर ओळखतात. दिवाळीत नरकासुराच्या रात्री मात्र आम्ही सरळ गावाबाहेर मावशीकडे जातो, तो डीजे त्याला सहन होत नाही आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

शाळा सुटली की सगळं एकदम का तुटतं? 2016 चा दिव्यांग कायदा मोफत शिक्षणाचा हक्क 6 ते 18 वर्षांपर्यंतच देतो. त्यापुढे सामाजिक सुरक्षा, कौशल्य, नोकरी हे सगळं कायद्यात आहे, पण रोज सकाळी जायला जागा कुठे, ते कोणाच्याच गळ्यात नाही.

आता कागद, आणि हे तुम्ही ह्याच महिन्यात सुरू करा. 18 झाले की कायद्याने तो सज्ञान, तुम्ही आई असलात तरी त्याच्यासाठी सही करू शकत नाही. 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात कलेक्टरची लोकल लेव्हल कमिटी असते, ती पालकत्वाचं सर्टिफिकेट देते, ऑटिझम त्यात येतो, कोर्टात जावं लागत नाही. बँकेत एखादा 'कोर्टाची ऑर्डर आणा' म्हणतो, आम्हालाही म्हणाले होते, तेव्हा शांतपणे सांगायचं की हे सर्टिफिकेट चालतं अशी रिझर्व्ह बँकेचीच सूचना आहे, आणि तुमचं म्हणणं लेखी द्या म्हणायचं. लेखी कोणी देत नाही, काम होतं. सर्टिफिकेट मिळाल्यावर सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी द्यायची असते ते विसरू नका. मुलगा बऱ्यापैकी समजून निर्णय घेत असेल तर 2016 च्या कायद्यात मर्यादित पालकत्व आहे, त्याच्याशी बोलून ठरवायचं, ते आधी बघा, सगळेच हक्क काढून घ्यायची गरज नसते. यूडीआयडी म्हणजे दिव्यांग ओळखपत्र, 40 टक्के दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट, गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा अर्ज, नॅशनल ट्रस्टच्या निरामयचा 1 लाखाचा आरोग्य विमा, हे केलंच असेल. निरामय दरवर्षी रिन्यू करा. घरात कोणी जुन्या पेन्शनवालं सरकारी असेल तर मुलाचं नाव तुम्ही हयात असतानाच पेन्शनच्या कागदात घाला, कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला फॅमिली पेन्शन आयुष्यभर मिळू शकते.

घराचं मात्र मुंबई-पुण्याच्या नातेवाईकांचं ऐकू नका. ते म्हणतात सगळं मुलीच्या नावावर कर, ती भावाला बघेल. गोव्यात तसं होत नाही. आपल्याकडचा वारसा कायदा वेगळा, पोर्तुगीज काळापासूनचा, आता 2012 च्या ॲक्टमध्ये आलाय. नवरा-बायकोची मिळकत साधारण अर्धी-अर्धी, आणि आपल्या वाट्यातल्या अर्ध्याचंच मृत्युपत्र करता येतं, उरलेलं मुलांना सारखं जातंच, म्हणजे तुमच्या मुलाचा हिस्सा पक्का आहे पण पुढे इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांच्या वाटणीचं प्रकरण निघालं की त्याच्या वतीने कोण उभं राहणार हा प्रश्न येणार. म्हणून आधी पालकत्व, मग नोटरीकडे मृत्युपत्र. तो मोकळा अर्धा त्याच्यासाठी कसा ठेवायचा ते इथल्याच वकिलाला विचारा. आणि मुलीला तिच्या लग्नाआधीच गृहीत धरू नका बाई, तिला विचारा.

आता मिस्टरांचं म्हणणं. अर्धं बरोबर आहे. 'सेवा सुधारा' असं निवेदन दिलं की 'नोंद घेतली' असं उत्तर येतं, फोटो येतो, संपलं. मागणी एकच आणि मोजता येईल अशी हवी. आमचं मत, तालुक्यात 18 वरच्यांसाठी एक डे सेंटर, व्हॅनसकट. व्हॅन नसेल तर सांगे-काणकोणच्या आईला त्या सेंटरचा काय उपयोग? नॅशनल ट्रस्टच्या दिशा-कम-विकास योजनेत डे केअर आहे, समर्थ-कम-घरौंदात 18 वरच्यांसाठीही राहायची सोय आहे, पण अर्ज त्यांच्याकडे नोंदलेल्या संस्थेनेच करावा लागतो. म्हणजे आधी संस्था पकडा, मग मंत्र्याला.

आकडा तुम्हीच काढा. आरटीआय टाका, आमच्या तालुक्यात ऑटिझमचं सर्टिफिकेट असलेले 18 वरचे किती आणि त्यांच्यासाठी जागा किती. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. 'माहिती उपलब्ध नाही' आलं तरी तो कागद सोन्याचा, तोच घेऊन दिव्यांग आयुक्तांकडे जा, त्यांना साक्षीदार बोलवायचे, कागद मागवायचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत. काळजीवाहू भत्त्याचाही उल्लेख कायद्याच्या कलम 24 मध्ये आहे, तो वेगळ्या अर्जात मागा, एकात दोन मागण्या घातल्या की सोपी असेल ती मान्य करून फाईल बंद होते.

पर्पल फेस्टला, म्हणजे दिव्यांगांच्या महोत्सवाला पण जा. 2023 च्या जानेवारीत पणजीत पहिला झाला तेव्हा बरं वाटलं होतं, रॅम्प दिसले, माणसं दिसली. आपल्या मुलांना रॅम्पपेक्षा शांत खोली आणि ओळखीचा माणूस लागतो, हे तिथे कोणीतरी सारखं बोलत राहायला हवं. शिवाय एरवी भेट न देणारे अधिकारी तिथे एकाच जागी असतात. मुलाला झेपत असेल तर बरोबर न्या आणि बोलू द्या, टाईप करून, चित्र दाखवून, जसं जमेल तसं. आमच्याला 'तुला काय पाहिजे' विचारलं तेव्हा त्याने बसचं चित्र दाखवलं, आम्ही सगळे पालक तोवर इमारतीवरच भांडत होतो.

एकट्या जाऊ नका. फोंड्यात तुमच्यासारखी चार-पाच घरं नक्की सापडतील, शाळेच्या जुन्या गेटवरच्या ओळखी काढा. पंचायतीत राहत असाल तर रविवारच्या ग्रामसभेत विषय आधी लेखी द्या, आयत्या वेळी उठून बोललं की सरपंच 'बघूया' म्हणतो. आणि ठराव झाला की सेक्रेटरीकडून सही-शिक्क्याची प्रत घ्या, नाहीतर पुढच्या सभेत तो विषय निघालाच नव्हता असं होतं.