फिट आहेस की फिट येते?

बाळा,

तुझा मेसेज सकाळी बघितला. रात्री पावणेदोनला पाठवलायस, म्हणजे झोप उडालीय तुझी. ज्याला आकडी येऊन गेलीय त्याला जागरण चांगलं नसतं, हे आधी सांगतो.

आर्मी भरतीची ऑनलाईन परीक्षा झाली, १६०० मीटर साडेपाच मिनिटांत काढतोस म्हणजे ६० मार्क, दहा बीम (पुल-अप) मारलास की ४०, ग्राऊंडची मला काळजीच नाही. तू विचारलायस ते मेडिकलचं. चौथीत असताना दोनदा फिट आली, तीन वर्षं गोळ्या खाल्ल्या, आता काही त्रास नाही, आणि अकॅडमीचे सर म्हणतात फॉर्मवर आधीच्या आजारांचं विचारतात त्या सगळ्याला 'नो' लिही, त्यांना काय दिसतंय.

सरांचं बरोबर आहे, दिसत नाही, आणि तीच तर गोची आहे. गुडघे लागतात का, तळवा सपाट आहे का, रंग ओळखतोस का, हे डॉक्टर स्वतः बघतो, तिथं तुझ्या सांगण्यावर काही नाही. माझंच घे की, पहिल्या भरतीला कानात मळ घेऊन गेलो (आमच्या आजीला दर रविवारी कानात तेल ओतायची भारी हौस), डॉक्टरला पडदाच दिसेना, झालो टेम्पररी अनफिट. मळ काढून मिलिटरी हॉस्पिटलात रिव्ह्यूला गेलो, पास. पण आकडीचं तसं नाही गा. तिथं ते तुलाच विचारणार आणि खाली सही तुझी.

ट्रेनिंगला आमच्यात एक पोरगा होता, आपल्याच सीमाभागातला, पळायला हरीण. रात्री गार्ड करून आला आणि सकाळी रेंजवर झोपून फायर घेताना एकदम ताठ झाला, तोंडाला फेस, बोट ट्रिगरवर, चेंबरमध्ये राऊंड. उस्तादनं, म्हणजे आमच्या ट्रेनिंग देणाऱ्यानं, काय केलं, त्याला हात लावायच्या आधी रायफल बुटाखाली दाबली. शेजारच्या लेनला मी होतो. नळी माझ्याकडंच वळलेली. नंतर घरी फोन लावला तर आई म्हणाली, लहानपणी यायची, खरं तुम्ही भरतीत घेतला नसता ना. पोराला घरी पाठवलं. गावच्या फाट्यावर त्याच्या अभिनंदनाचा डिजिटल बोर्ड अजून तसाच होता, त्याच्याखालनंच गेला असणार बिचारा.

मी तुला खोटी आशा लावत नाही, सांगितलंस तर बहुतेक अनफिट करतील. पाच वर्षांच्या आत तापात येते ती गोष्ट वेगळी, तू नऊचा होतास. तरीपण ठरवू दे त्यांना, तू नको ठरवू आणि सर तर अजिबात नको. आणि कॅम्पात ओळख आहे म्हणणारा कोण भेटला तर एक रुपया देऊ नको, भरतीला पैसे लागत नाहीत, एवढ्यासाठी एकानं म्हैस विकलेली मी बघितलीय.

रविवारी ये. त्या वेळची फाईल आण, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, ईईजी (मेंदूचा आलेख) काढला असेल तर त्याचा कागद. आईला विचार, ट्रंकेत रेशनकार्डाबरोबर असणार बघ. ते घेऊन पहिलं मेंदूच्या डॉक्टरकडं जाऊया, मी येतो बरोबर. वडलांना अजून सांगितलं नसशील तर मी आल्यावर सांगू.

काका