‘भूप’ला कुणाचा राग आला? संगीतातला राग आणि आपल्याला येणारा राग हा एकच शब्द आहे का?

मुलगी नुकतीच गाणं शिकायला लागलीय आणि ‘राग भूप’ हे नाव ऐकून तिनं विचारलं, “भूपला कुणाचा राग आला?” तुम्ही हा प्रश्न इथं टाकलात ते बरं केलंत. शब्द एकच आहे. पण संताप हा अर्थ त्याला मागाहून चिकटला, तोही मुख्यतः आपल्याकडे आणि बंगालीत. हिंदीत कुणी रागावत नाही, तिथं गुस्सा येतो.

लहानपणी गीतेचा दुसरा अध्याय पाठ करताना मीही इथंच अडखळलो होतो. स्थितप्रज्ञाच्या लक्षणांत ‘वीतरागभयक्रोधः’ असं येतं. राग गेला, भीती गेली, मग पुन्हा क्रोध कशाला? अक्षरं कमी पडली म्हणून व्यासांनी एकच गोष्ट दोनदा घातली, अशी माझी पक्की समजूत. बऱ्याच वर्षांनी संस्कृत नीट वाचायला लागलो तेव्हा कळलं, की तिथला राग म्हणजे ओढ, आसक्ती. जवळजवळ उलटंच! ‘रागद्वेष’ ही जोडीही त्यामुळंच. आपल्याला ते दोघं सख्खे भाऊ वाटतात, पण संस्कृतात एक जवळ ओढणारा आणि दुसरा दूर ढकलणारा.

मुळात धातू ‘रञ्ज्’, म्हणजे रंगणं. रंग, रंजन, अनुराग, विरक्त, वैराग्य ही सगळी त्याचीच पिलावळ. ‘रक्त’ म्हणजे रंगलेलं, म्हणून लाल. माणकाला पद्मराग म्हणतात तो कमळासारख्या लालीमुळं, आणि अंगाला लावायची उटी म्हणजे अंगराग. या हिशेबानं वैराग्य म्हणजे चक्क रंग उतरणं. संतापानं माणूस लालबुंद होतो आणि मराठीनं या सगळ्या रंगपेटीतला तेवढा एक लाल उचलला, हा दुवा मला पटतो. गंमत म्हणजे ‘राग-लोभ’ या जोडीतल्या दुसऱ्या शब्दाचंही आपण असंच केलंय. संस्कृतात लोभ म्हणजे हाव, षड्रिपूंपैकी एक. आणि आपण मात्र पत्राच्या शेवटी खुशाल लिहितो, ‘लोभ असावा’. आसक्तीचा संताप केला आणि हावेचं प्रेम.

आता गाण्याकडे. संगीतातल्या रागाची व्याख्या मतंग या जुन्या संगीतशास्त्रकाराच्या ‘बृहद्देशी’त आहे. हा ग्रंथ साधारण सहाव्या ते आठव्या शतकातला मानतात. तो म्हणतो, स्वर आणि वर्ण (म्हणजे इथं रंग नव्हे, स्वरांची चढ-उताराची चाल) यांनी सजलेला, लोकांच्या चित्ताचं रंजन करणारा जो ध्वनी, तो राग. ‘रञ्जको जनचित्तानाम्’ हे शब्द गाणाऱ्यांच्या तोंडी आजही असतात. फक्त इथं रंजन म्हणजे करमणूक असं घेऊ नका, मनाला रंग चढवणं असं घ्या. शाकुंतलाच्या प्रस्तावनेत नटी गाते आणि सूत्रधार म्हणतो, रागात चित्त गुंतल्यामुळं सगळा ‘रंग’ जणू चित्रात काढल्यासारखा झालाय. रंग म्हणजे तिथं जमलेला प्रेक्षकवर्ग. राग, रंग आणि चित्र, कालिदासानं तिन्ही एका ओळीत आणलेत. आपणही नकळत तेच बोलतो की. मैफल ‘रंगते’, कीर्तन ‘रंगतं’. (सावळ्या विठ्ठलाला पांडुरंग का म्हणतात, हा मात्र स्वतंत्र प्रश्न आहे, कुणीतरी विचारा.)

रामायणात गाणं आहे, पण ते रागांतलं नाही. बालकांडात कुश-लव गातात तेव्हा वाल्मीकी ‘जातिभिः सप्तभिः’ म्हणतात, सात जातींमध्ये बांधलेलं. जाती म्हणजे इथं स्वररचनेचे ठरलेले प्रकार. भरताच्या नाट्यशास्त्रातही जातीच आहेत, एकूण 18. ही जुनी व्यवस्था, राग नंतरचे. त्यामुळं मालिकांमध्ये कुश-लव अमुक रागात गाताना दिसले तर तो संगीतकाराचा निर्णय समजायचा. त्याच सर्गात त्या दोघांना ‘स्थानमूर्च्छनकोविद’ म्हटलंय. म्हणजे मूर्च्छनांमध्ये तरबेज. हाही शब्द मुलीला एक दिवस भेटेल आणि ती विचारेल, चक्कर कुणाला आली? कुणालाच नाही. ‘मूर्च्छ्’ धातूला बेशुद्ध पडण्याबरोबरच वाढणं, पसरणं हाही अर्थ आहे. सात स्वर क्रमानं चढत-उतरत पसरतात, ती मूर्च्छना.

‘लय’ही तसाच. लयाला जाणं, प्रलय, विलय यांतला तोच शब्द, मूळ ‘ली’, विरघळणं, चिकटून एकरूप होणं. तबल्यासमोर बसलेल्याला लय म्हणजे गती, आणि ध्यानाला बसलेल्याला लय म्हणजे मन विरून जाणं.

एक गोष्ट मात्र तिला आत्ताच सांगून टाका, कारण ती भूपच शिकतेय. भूप म्हणजे राजा. रागातल्या मुख्य स्वराला वादी म्हणतात, म्हणजे बोलणारा. त्याच्याशी सूर जुळवतो तो संवादी, मागून साथ देतो तो अनुवादी आणि बिघडवतो तो विवादी. कोर्टातले आणि घरातले शब्द जसेच्या तसे इथं आलेत. जुन्या ग्रंथांनी तर वादीला राजा, संवादीला मंत्री, अनुवादीला सेवक आणि विवादीला शत्रू ठरवून टाकलंय. भूपात राजा गंधार, मंत्री धैवत. मध्यम आणि निषाद हे दोन स्वर त्यात वर्ज्य, सा रे ग प ध एवढ्यांवरच सगळा कारभार. तेव्हा भूपला राग आलाच असेल तर तो ‘म’ आणि ‘नी’चा, असं तिला बेलाशक सांगा.