आधी धावपट्टी, मग स्टँड

अनेक आशीर्वाद.

महालक्ष्मी रेसकोर्सचा तुझा नकाशा दोनदा नीट पाहिला. हात चांगला बसलाय. पण ग्रँडस्टँडचे खांब, छप्पर, जिने यांत इतका जीव ओतलास आणि धावपट्टीला मात्र नुसता हिरवा रंग फासलास. हे उलट व्हायला हवं. तिथलं सगळं त्या पट्टीमुळे आहे.

पट्टी लंबगोल आहे, फेरी साधारण 2400 मीटरची. आता वळण बघ. आतल्या कठड्यापासून एकच मीटर बाहेरून धावणाऱ्या घोड्याला अर्ध्या वर्तुळात तीन मीटरहून जास्त फेरा पडतो. दोन्ही वळणं धरली तर सहा मीटरांवर, म्हणजे घोड्याच्या अडीच लांब्या! जिथे नाकभर फरकाने निकाल लागतो, तिथे हे अंतर फार मोठं. म्हणून वळणाची त्रिज्या अंदाजाने काढू नकोस.

मग जमिनीकडे ये. वरळीची खाडी अडवणारा हॉर्नबी वेलार्डचा बांध होण्याआधी भरतीचं पाणी इथून थेट भायखळ्यापर्यंत शिरायचं. पुढे शर्यती भायखळ्याच्या मैदानावर व्हायच्या. त्या 1883 मध्ये या सखल, पाणथळ जागेवर आल्या. आखणीला नमुना मेलबर्नच्या कॉलफील्ड रेसकोर्सचा, पण पाऊस आपला. पावसाळ्यात शर्यती पुण्याला जातात आणि मुंबईचा हंगाम दिवाळीनंतरचा. 1943 पासूनची इंडियन डर्बी ही मानाची शर्यतही फेब्रुवारीतलीच, अंतर तेच 2400 मीटर. तुझ्या नकाशात मला जमिनीचा उतार आणि पाण्याचे निचरे दिसले पाहिजेत.

आणखी एक. मधल्या मैदानावर तू 'रिकामी जागा' असं लिहिलंयस. तो शब्द खोड, मला तो लागला. पालिकेचा भाडेपट्टा 2013 मध्ये संपल्यापासून या जागेवर किती जणांचे डोळे आहेत! 2024 मध्ये 120 एकर सार्वजनिक उद्यानासाठी आणि 91 एकर शर्यती भरवणाऱ्या क्लबकडे, असं ठरलं. इतक्या दाट शहरात एवढं आभाळ एका नजरेत मावतं ते इथेच. तिथे काय आहे ते लिही: गवत, वाळूची सरावपट्टी, सकाळी चालायला येणारी माणसं.

रविवारी पहाटे सहाला गेटवर ये. घोडे सरावाला निघालेले असतात. ते गेल्यावर टापांनी उखडलेली ढेकळं परत पायाने दाबून बसवणारी माणसं दाखवतो. ती जास्त कुठे उखडतात ते नकाशावर टिपून घेऊ. मोजपट्टी मी आणतो. तू बूट घालून ये, गवतावर दव असतं.