बाहेरची सेकंडहँड मोटरहोम आणाचीच असन तं हे पाह्य

भाऊ, दुबईतून जुनी मोटरहोम, म्हणजे आत झोपाची-रांधाची सोय असलेली गाडी, आणाचं खूळ डोक्यातून काढ बाप्पा. तिथल्या गाडीचं स्टेअरिंग डावीकडं, आपल्या नियमात उजवीकडंच लागते, अन् बनून ३ वर्षं उलटली असन तं इम्पोर्टच होत नाही. ड्युटीचं तं नावच काढू नको. कार्नेवर, म्हणजे ड्युटी न भरता थोड्या दिवसांसाठी गाडी आणाच्या कागदावर, आणली तं मुदतीत परत न्या लागते.

त्यापेक्षा टेम्पो ट्रॅव्हलरवर बनवलेली कॅरॅव्हॅन एमपीत पाह्य, पांढुर्णा काय लांब आहे का वरुडहून. बॉर्डर इथंच आहे, पण भानगड सगळी कागदाची. गाडी जिथं रजिस्टर आहे त्याच आरटीओची एनओसी (ना-हरकत), म्हणजे फॉर्म २८, हातात आल्याबिगर पूर्ण पैसे देऊ नको, मालक कितीही गोड बोलो. लोन असन तं आरसीवरून बँकेचं नाव काढाचा फॉर्म ३५ आधी, जुने चलानही त्यालेच भरू दे. इकडं १२ महिन्यांच्या वर ठेवली तं एमएच नंबर घ्याच लागते, टॅक्सही इथला भराचा.

आरसी मात्र नीट वाच. लय जण सीटा काढून पलंग, गॅस बसवून मोकळे होतात अन् आरसीवर गाडी अजून पॅसेंजरचीच, मग इथं इन्स्पेक्शनले साहेब दार उघडून आत पाह्यते अन् फाईल तिथंच अडकते. बदल आरसीवर चढलेला नसन तं सौदाच करू नको.

अन् हो, गादी उचलून खालच्या प्लायले नख लाव. भुसभुशीत लागलं म्हणजे छतातून पाणी मुरलं आहे, तिथंच भाव पाड.