आरोपीचा सरकारी खर्चाने बचाव करणारा वकील म्हणून काम करणं कसं असतं?

तुम्ही लिहिलंय की एलएलबी होऊन दोन वर्षं झाली, जिल्हा न्यायालयात लोक अभिरक्षक कार्यालयाची (वकील न परवडणाऱ्या आरोपींना मोफत वकील देणारं कार्यालय) जाहिरात निघालीय, अर्ज करू का? आणि खाली हळूच एक जोडप्रश्न टाकलाय: "फुकटचे वकील मनापासून लढतात का?" पहिल्याचं उत्तर शेवटी देते. दुसरा जरा झोंबला, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मी महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्यात उपमुख्य लोक अभिरक्षक आहे. हे काय पद आहे ते माझ्या सख्ख्या काकांनाही अजून कळलेलं नाही. गावी गेलं की ते चारचौघांत सांगतात, "आमची पुतणी, सरकारी वकील." मी म्हणते, काका, सरकारी वकील आरोपीच्या विरुद्ध उभा राहतो, मी आरोपीकडून उभी राहते. काका म्हणतात, "म्हणजे पगार सरकारचा आणि बाजू चोराची?" तंतोतंत तेच! (पगार नव्हे, मानधन, पण ते पुढे.)

काकांचं सोडा, खुद्द आरोपीचाही हाच घोळ असतो. दुपारी दोन हवालदारांच्या मधोमध तो कोर्टात येतो. मी जाऊन सांगते, मी तुमची वकील, विधी सेवा प्राधिकरणाकडून, एक रुपया द्यायचा नाही. तो आधी माझ्याकडे बघतो, मग हवालदाराकडे. त्याच्या डोक्यातला हिशोब स्पष्ट दिसतो: पोलीस सरकारचे, कोर्ट सरकारचं, ही बाईपण सरकारची. एकाने तर मला हात जोडून विनंती केली होती, "मॅडम, मामा पैसे घेऊन निघालाय. तो येईपर्यंत तुम्ही काही बोलू नका." मामा आला नाही. त्याचं वकीलपत्र शेवटी मीच घेतलं, पण पुढच्या दोन तारखांना तो दाराकडेच बघत होता.

पहिल्याच रिमांडला, म्हणजे कोठडी ठरवायला आरोपीला कोर्टापुढे आणतात तेव्हाच, वकील उभा राहणं ही प्रथा पक्की होण्यामागे एक निकाल आहे, आणि तो आहे कसाबचा. २६/११ नंतर त्याचं वकीलपत्र कोणी घ्यायचं यावरून मुंबईत केवढा गदारोळ झाला ते वयाने मोठ्यांना आठवत असेल. ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी कायम केली, आणि त्याच निकालात लिहिलं की आरोपीला दंडाधिकाऱ्यापुढे पहिल्यांदा हजर करतात तेव्हाच त्याला वकिलाचा हक्क सांगायचा आणि त्याच्याकडे वकील नसेल तर सरकारी खर्चाने द्यायचा. मोबाइल चोरीतल्या पोराशेजारी मी उभी असते तेव्हा हे हमखास आठवतं.

त्या पाच-दहा मिनिटांत काय बघायचं? अटक खरी कधी झाली, कागदावर कधी दाखवली, मध्ये चोवीस तास उलटले का. अटकेची कारणं लेखी दिली का, त्याला कळणाऱ्या भाषेत दिली का. अंगावर मार आहे का. आणि वय! एका मुलाने १९ सांगितलं, कारण पोलिसांनी १९ लिहिलं होतं. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी. ही १ जानेवारी दिसली की माझे कान टवकारतात. शाळेचा दाखला मागवला, तर पोरगं १७ वर्षं दोन महिन्यांचं. प्रकरण बाल न्याय मंडळाकडे गेलं. यात माझी हुशारी काही नव्हती. मुख्याध्यापकांना चार फोन केले, एवढंच. एरवी पोलीस पीसीआर (पोलीस कोठडी) मागतात, आम्ही एमसीआरसाठी (न्यायालयीन कोठडी) भांडतो, कारण एमसीआर झाला की जामिनाचा अर्ज टाकता येतो.

आता तुमचं "मनापासून". खरं सांगायचं तर पूर्वी, मी पॅनेलवर (खासगी प्रॅक्टिस सांभाळून विधी सेवेच्या केसेस घेणाऱ्या वकिलांच्या यादीवर) होते तेव्हा, नेहमीच लढले नाही. पॅनेलच्या पद्धतीत केसमागे फी, तीही तुटपुंजी, आणि हातात पडेपर्यंत मी ती केस विसरलेली असायचे. एकीकडे खासगी पक्षकाराचा उलटतपास आणि दुसरीकडे विधी सेवेची केस, दोन्ही एकाच वेळी बोर्डावर आल्या तर तारीख कुठे घ्यायची हे ठरलेलं होतं. मी तशा तारखा घेतल्यात, आरोपी आत असताना. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२२ च्या योजनेत हीच नस पकडली: पूर्णवेळ वकील, महिन्याचं ठरावीक मानधन, खासगी प्रॅक्टिस बंद. आम्ही फक्त फौजदारी आणि फक्त आरोपीची बाजू बघतो. दोन आरोपी एकमेकांवर ढकलत असतील तर एक आमच्याकडे, दुसरा पॅनेलवरच्या वकिलाकडे.

पण मनापासून लढणं म्हणजे गाऊन उडवत युक्तिवाद, असं डोळ्यांपुढे असेल तर सावध करते. माझ्या चुकांपैकी सर्वांत मोठी चूक युक्तिवादात झालेली नाही. उत्तर प्रदेशातून आलेल्या एका मजुराला चोरीच्या केसमध्ये १५ हजारांचा जामीन झाला. मी खुशीत घरी गेले. सात आठवड्यांनी तुरुंगभेटीला गेले तर हा समोर, त्याच बराकीत. जामिनाचा आदेश होता, जामीनदार नव्हता. सातबारा नाहीतर घरपट्टीची पावती घेऊन कोर्टात उभा राहील असा एकही माणूस त्याला या जिल्ह्यात माहीत नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की जामीन होऊनही सात दिवसांत बंदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि महिनाभरात बंधपत्रं दिली गेली नाहीत तर अटी शिथिल करता येतील का ते कोर्टाने स्वतःहून बघायचं. कळवणं कुठेतरी राहिलं. पण मीसुद्धा आदेश झाला की फाइल संपली असंच समजत होते. अर्ज केल्यावर चौथ्या दिवशी तो जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच हमीवर, सुटला. तेव्हापासून माझ्या खणात एक वही आहे, "जामीन झाला, सुटला नाही" अशी. तिच्यातली पानं रिकामी राहत नाहीत.

पैशाअभावी अडकलेल्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे. त्यातून न्यायाधीन बंद्याला, म्हणजे खटला अजून संपलेला नाही अशा कैद्याला, पैशाची मदत मिळू शकते. पण कोर्टाने जामीनदार माणूस मागितला तर तो योजनेतून कुठून आणायचा? कोर्टाच्या आवारात भाडोत्री जामीनदार फिरतात, त्यांचा दर सगळ्यांना माहीत असतो. त्यांच्याकडे बोट दाखवणारे वकील आहेत. मी दाखवत नाही, आणि त्यापायी माझे काही पक्षकार जास्त दिवस आत राहिलेत, हेही तितकंच खरं.

तसंच दिवस मोजण्याचं. चोरीसारख्या गुन्ह्यात ६० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हक्काने मिळतो, फक्त ते येण्याआधी अर्ज पडायला हवा. रिमांडचा पहिला दिवस धरायचा की सोडायचा हा वाद मार्च २०२३ मध्ये मिटला: धरायचा. त्या एका दिवसावर माणसं सुटतात. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मध्ये, पहिल्या गुन्ह्यातल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की सुटकेची सोय आहे. छान आहे. फक्त एकाहून जास्त केसेस चालू असतील तर हे दार बंद. आणि मोटरसायकल चोर एकदा सापडला की जिल्ह्यातल्या चार जुन्या चोऱ्याही त्याच दिवशी "उघडकीस" येतात.

खटलेही असतात, आणि मला तेच आवडतं. एका घरफोडीत जप्तीचा पंच होता पोलीस स्टेशनसमोरचा झेरॉक्सवाला. उलटतपासात विचारलं, आजवर किती पंचनाम्यांवर सह्या केल्यात? म्हणाला, "मोजल्या नाहीत मॅडम." शिरस्तेदारसुद्धा हसले. मुद्देमालाच्या पिशवीला सील नव्हतं, दागिने ओळखणारा सराफ तपासलाच नव्हता. आरोपी निर्दोष सुटला. बाहेर आल्यावर त्याने मला नमस्कार केला आणि विचारलं, "खासगी वकील केला असता तर अजून लवकर सुटलो असतो ना?" मी काय बोलणार!

तुमच्या प्रश्नात नाही, पण मनात असणारच म्हणून लिहिते. सहा वर्षांच्या मुलीची पोक्सोची (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालची) केस आरोपीच्या बाजूने माझ्याकडे आली तेव्हा मी आमच्या मुख्य अभिरक्षकांना म्हटलं, दुसऱ्या कोणाला द्या. ते म्हणाले, देतो, पण कोणाला देऊ ते तू सांग. मी कोणाचंच नाव घेऊ शकले नाही. पोक्सोमध्ये वकिलाने मुलाला थेट प्रश्न विचारायचे नसतात, न्यायाधीशांकडे द्यायचे, ते विचारतात. मी लिहून दिले. त्या रात्री घरी माझी मुलगी अभ्यासाचं काहीतरी विचारत होती आणि मला ऐकूच येत नव्हतं. शिक्षा झाली. निकालाबद्दल मला काय वाटलं ते इथे लिहिणार नाही. अपील उच्च न्यायालयात आहे आणि मी त्या आरोपीची वकील होते.

तर आता अर्जाचं. हे पद जिल्हा परिषदेचं किंवा नगरपालिकेचं नाही. नेमणूक जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची, ज्याचे अध्यक्ष प्रमुख जिल्हा न्यायाधीश असतात. मुख्य अभिरक्षकाला फौजदारीचा किमान १० वर्षांचा अनुभव आणि सत्र न्यायालयातले ३० खटले लागतात, उपमुख्याला ७ वर्षं आणि २०. तुम्ही सहाय्यक पदात बसता. तिथे तीन वर्षांपर्यंतचा अनुभव चालतो. करार २ वर्षांचा, काम बघून वाढवतात. पेन्शन नाही, कायम होण्याची आशा धरू नका. मानधन जिल्ह्यागणिक बदलतं, आकडा जाहिरातीत बघा. घरचं भाडं आणि कर्जाचा हप्ता असेल तर आधी हिशोब मांडा. तुमच्या वयात खासगीत सिनिअरकडे फायली उचलण्यापेक्षा इथे पाचपट उभं राहायला मिळेल, हे मात्र छातीठोकपणे सांगते.

अर्ज भरण्याआधी एक करा. येत्या रविवारी सुट्टीच्या रिमांड कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसा. कोणाला काही सांगू नका. आरोपीच्या वकिलाचा पुकारा झाल्यावर कोण उठतं, त्याच्या हातात कागद कोणते असतात, आणि त्याने आरोपीशी आधी दोन शब्द बोलून घेतलेत का, एवढंच बघा. मग ठरवा, आणि मुदत संपायच्या आत अर्ज टाका.